बाहुलीत भूत नसते, मग भीती कुठून येते?

नगर-मनमाड रस्त्यावर कुठेही पाच मिनिटे उभे राहा. उसाचा ट्रक जाईल, कांद्याचा टेम्पो जाईल, वडापची जीप जाईल. यातल्या कितीतरी गाड्यांना पुढे किंवा मागे काळी बाहुली लटकलेली दिसेल. बांधकाम सुरू असलेल्या घराच्या गजाला तीच बाहुली, दुभत्या म्हशीच्या गोठ्याच्या दाराला तीच बाहुली. आपल्या वस्त्याही याला अपवाद नाहीत. रिक्षाच्या काचेवर तथागतांचे चित्र, त्याखाली ‘जय भीम’ आणि मागच्या बंपरला काळी बाहुली, हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे.

आता हीच बाहुली सकाळी उठल्यावर आपल्या उंबऱ्यापाशी पडलेली दिसली, तिला दोन टाचण्या टोचलेल्या असल्या आणि बाजूला लिंबू, बिब्बा, हळद-कुंकू असले, तर काय होते? घर हादरते. सासू सुनेकडे पाहते, भाऊ भावजयीकडे पाहतो आणि शेवटी सगळे मिळून शेजारच्या एखाद्या एकट्या बाईकडे पाहतात. बाजारात मात्र या दोन्ही बाहुल्या एकाच दोरीला टांगलेल्या असतात आणि एकाच भावाने विकल्या जातात. आपण टांगली तर ती राखण करते, दुसऱ्याने ठेवली तर जीव घेते! कापड तेच, कापूस तोच, दोराही तोच. मग फरक कशात पडला? फरक पडला तो पाहणाऱ्याच्या मनात. झपाटलेल्या बाहुलीचे गूढ उकलायचे असेल, तर सुरुवात इथून करावी लागेल.

बुजगावणे आणि पाखरू

आपल्या शेतात एक बाहुली वर्षानुवर्षे उभी आहे. ती म्हणजे बुजगावणे. दोन काठ्या, जुना सदरा, वर पालथे मडके. पाखरू त्याला भिते, कारण ते माणसासारखे दिसते. शेतकरी भीत नाही, कारण ते त्यानेच उभे केलेले असते. करणीच्या बाहुलीचेही असेच आहे. ती बनवणारा देवऋषी तिला कधी भीत नाही.

पण पाखराला हसण्याआधी आपल्या डोक्यात काय चालते तेही पाहू. माणसाचा मेंदू चेहरा शोधण्यात फार तरबेज आहे. नुकतेच जन्मलेले बाळसुद्धा इतर आकृत्यांपेक्षा चेहऱ्यासारख्या आकृतीकडे जास्त वळून पाहते. म्हणून आपल्याला ढगात चेहरा दिसतो, भिंतीवरच्या ओलीत दिसतो, गाडीच्या दोन दिव्यांतही दिसतो. अंधारात झुडूप हलले तर ‘कोणीतरी आहे’ असे आधी वाटते आणि ‘वारा असेल’ हे नंतर सुचते. रानावनात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना या सवयीचा फायदाच झाला असणार. वाऱ्याला वाघ समजणारा दचकून वाचला, वाघाला वारा समजणारा वाचला नाही.

बाहुली याच सवयीला गोंधळात टाकते. तिला डोळे आहेत पण ती पाहत नाही. तोंड आहे पण बोलत नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ अर्न्स्ट येंच यांनी १९०६ मध्ये याविषयी निबंध लिहिला. एखादी वस्तू जिवंत आहे की निर्जीव, याचा मनात निकाल लागत नाही तेव्हा एक विचित्र भीती वाटते, असे त्यांनी त्यात मांडले. जपानचे यंत्रमानव-तज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये हाच विचार पुढे नेला. वस्तू माणसासारखी दिसू लागली की आधी ती आवडू लागते. पण ती जवळजवळ माणसासारखी आणि तरी पुरती माणूस नाही अशा टप्प्यावर आली, की अचानक अंगावर काटा येतो. म्हणून आजीने शिवलेली चिंध्यांची बाहुली पोरी कुशीत घेऊन झोपतात आणि काचेच्या डोळ्यांची, हुबेहूब बाळासारखी बाहुली रात्री कपाटात ठेवावीशी वाटते.

अमेरिकेतील ‘ॲनाबेल’ बाहुलीचे उदाहरण पाहा. २०१३ च्या ‘द कॉन्ज्युरिंग’ आणि २०१४ च्या ‘ॲनाबेल’ या चित्रपटांमुळे ती जगभर पोचली. चित्रपटातील बाहुलीचा चेहरा भेसूर आहे. मात्र ज्या बाहुलीवरून ही कथा आली, ती लाल लोकरीच्या केसांची, हसऱ्या चेहऱ्याची साधी कापडी बाहुली आहे. ती पडद्यावर दाखवली असती तर कोणी घाबरले नसते, म्हणून चित्रपटवाल्यांनी बाहुलीच बदलली. जिच्यात खरोखर भूत असल्याचा दावा होता, तिला घाबरवण्यासाठी नवा चेहरा द्यावा लागला!

प्रतिमेला टोचले की माणसाला लागते?

करणीची बाहुली याच्या एक पाऊल पुढे जाते. इथे बाहुली एखाद्या ठरावीक माणसाच्या नावाने बनते. तिला त्याचे केस किंवा त्याच्या कपड्याची चिंधी लावतात. जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाऊ’ (१८९०) या ग्रंथात जगभरच्या जादूटोण्याच्या मुळाशी दोन समजुती असल्याचे दाखवले. पहिली, सारख्या दिसणाऱ्या वस्तूंचा एकमेकींवर परिणाम होतो. दुसरी, एकदा स्पर्शात आलेल्या वस्तू दूर गेल्या तरी त्यांचा संबंध टिकतो. बाहुलीचा आकार ही पहिली समजूत, केस आणि चिंधी ही दुसरी.

ही समजूत फक्त आपल्याकडे आहे असे नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेली मातीची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्या अंगात १३ सुया टोचलेल्या आहेत. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातला हा वशीकरणाचा प्रयोग आहे. म्हणजे सुया टोचलेली बाहुली ही आपल्या खेड्यांची खासियत नाही आणि अडाण्यांची मक्तेदारी तर मुळीच नाही. पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील विद्यापीठात प्रयोग केले. त्यात आवडत्या व्यक्तीच्या चित्रावर बाण मारायला सांगितले, तर शिकलेल्या लोकांचाही नेम चुकू लागला. तो कागद आहे हे त्यांना ठाऊक होते, पण हात ऐकत नव्हता. आपण आईचा फोटो पायाखाली घेत नाही, ते कागदाला दुखेल म्हणून थोडेच?

हे लक्षात ठेवणे कार्यकर्त्यांसाठी गरजेचे आहे. बाहुली पाहून घाबरलेल्या बाईला ‘अडाणी’ म्हणून आपण मोकळे झालो, तर ती आपल्यापासून दूर जाते आणि देवऋष्याच्या आणखी जवळ जाते. भीती वाटणे स्वाभाविक आहे. तिचा धंदा करणे हा गुन्हा आहे.

तात्या विंचू आणि अर्धवटराव

मराठी माणसाला झपाटलेली बाहुली म्हटले की तात्या विंचू आठवतो. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ मध्ये आला. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटातली, पण तिला मराठी मातीत रुजवले ते दिलीप प्रभावळकर, लक्ष्मीकांत बेर्डे आणि बाहुला घडवणाऱ्या रामदास पाध्ये यांनी. त्या वेळची लहान मुले रात्री पलंगाखाली डोकावून झोपायची. पुढे त्याच तात्या विंचूवर लोक पोट धरून हसू लागले.

याच पाध्ये घराण्याचा अर्धवटराव हा बोलका बाहुला. तोही बोलतो, डोळे फिरवतो, मान वळवतो, पण त्याला कोणी भीत नाही. तसे पाहिले तर तात्या विंचूपेक्षा त्याचेच बोलणे जास्त विचित्र, कारण तो आपल्या समोर बसून बोलतो. पण मंचावर त्याच्या शेजारी पाध्ये बसलेले दिसतात, त्यामागची कला आपल्याला ठाऊक असते. तात्या विंचूला हलवणारे हात मात्र पडद्यावर दिसत नाहीत. बाहुलीमागचा हात दिसला की भीती जाते आणि कौतुक उरते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांची प्रात्यक्षिके करून दाखवतात, ते याचसाठी.

गाड्यावर बसवलेली महामारी

इथपर्यंतची गोष्ट मानसशास्त्राची झाली. पण आपल्या समाजासाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि ती जातीची आहे.

पटकीची साथ आली की पश्चिम महाराष्ट्रातील गावांत मरीआईचा गाडा निघत असे. छोट्या लाकडी गाड्यावर देवीची मूर्ती किंवा प्रतीक ठेवायचे, नैवेद्य द्यायचा, वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचे आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचे. पुढचे गाव घाबरून तो आणखी पुढे ढकलायचे. रोग मूर्तीत घालायचा आणि मूर्ती दुसऱ्याच्या दारात ठेवायची, असा हा प्रकार. आजच्या उताऱ्याचेच हे मोठे रूप.

हे काम बहुतेक ठिकाणी महार-मांगांच्या माथी असे. मरीआईचे ठाणे त्यांच्याच वस्तीजवळ आणि पोतराजही त्यांच्यातलाच. म्हणजे ज्या वस्तीला पाणवठ्यावर चांगले पाणी भरायची मुभा नव्हती, त्याच वस्तीच्या डोक्यावर रोग वाहून नेण्याचे काम आणि रोग हटला नाही तर दोषही. जी माणसे ‘रोगाच्या देवी’ची सेवा करतात त्यांना जादूटोणाही येत असणार, हा संशय मग ओघानेच येतो. लंडनच्या जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये पटकी दूषित पाण्यातून पसरते हे एका हातपंपाच्या आसपासच्या मृत्यूंवरून दाखवून दिले. गाडा ढकलणाऱ्या गावाने विहिरीकडे पाहिले असते, तर कितीतरी जीव वाचले असते. पण सगळ्यांचे डोळे गाड्यावरच्या मूर्तीवर खिळलेले होते.

डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेबांनी आपल्याच जिल्ह्यातील हरेगावला वतनदारांच्या परिषदेत वतनाच्या जोखडाविरुद्ध आवाज उठवला. या जोखडात गावकीची असली कामेही गुंतलेली होती. १९५६ च्या धम्मक्रांतीनंतर लोकांनी मरीआईचे गाडे आणि पोतराजाचे आसूड सोडले, तेव्हा त्यांनी एक देवी तर सोडलीच, शिवाय गावाची भीती स्वतःच्या डोक्यावर वाहण्याचे कामही नाकारले. म्हणून बौद्ध वस्तीत आज काळी बाहुली टांगलेली दिसते तेव्हा वाईट वाटते. आजोबांनी उतरवलेले ओझे नातू दहा-वीस रुपयांत विकत आणतो आहे.

आजही उंबऱ्यावर बाहुली सापडली की संशय कोणावर जातो ते पाहा. तो सरपंचावर जात नाही, कारखान्याच्या संचालकावर जात नाही. विधवेवर जातो, मूलबाळ नसलेल्या बाईवर जातो, पारधी किंवा भिल्ल कुटुंबावर जातो. बाहुलीला हात-पाय नाहीत, ती कोणाचे काही बिघडवू शकत नाही. पण तिच्या नावाने उठलेला संशय एखाद्या बाईला गाव सोडायला लावू शकतो, मारहाण करू शकतो, जीवही घेऊ शकतो. बाहुलीची खरी ताकद एवढीच आहे आणि ती आपण तिला देतो.

धम्म काय सांगतो?

मज्झिम निकायात भयभेरव सुत्त आहे. जाणुस्सोणी नावाच्या ब्राह्मणाने तथागतांना विचारले, की घनदाट अरण्यात एकट्याने राहणे कठीण नाही का? तेव्हा बुद्धांनी बोधीपूर्वीचा आपला अनुभव सांगितला. पक्षातील अष्टमी, चतुर्दशी आणि पंधराव्या दिवसाच्या रात्री लोक ज्या जागांना घाबरत, अशा वनांत आणि वृक्षांखाली ते मुद्दाम जाऊन राहिले. तिथे कधी एखादे हरीण जवळ यायचे, मोर वाळकी फांदी पाडायचा, वाऱ्याने पाने सळसळायची. मनात यायचे, ‘आले का ते भय?’ मग त्यांनी ठरवले, की भय आले तेव्हा आपण चालत असू तर चालतच राहायचे, बसलो असू तर बसूनच राहायचे. स्थिती न बदलता, पळून न जाता, त्या भयाला तिथेच जिंकायचे.

इथे ‘भीती वाटणे कमीपणाचे आहे’ असे तथागत सांगत नाहीत. भीती त्यांच्याही मनात आली. मात्र ते थांबले आणि त्यांनी पाहिले. पाहिल्यावर ते हरीण होते, मोर होता, वारा होता.

दीघ निकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, शकुन सांगणे, भूतविद्या, मंत्रतंत्र अशा विद्यांवर पोट भरणे बुद्धांनी हीन ठरवले आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अधम्म म्हणजे काय हे सांगताना पहिलाच मुद्दा घेतला तो अलौकिकावरील विश्वासाचा. प्रत्येक घटनेला कारण असते, ते माणसाच्या कृतीत किंवा निसर्गात असते, आणि अंधश्रद्धा माणसाची शोधक वृत्तीच मारून टाकते, असे त्यांचे म्हणणे आहे.

मात्र बौद्ध म्हणवून घेतले की माणूस आपोआप यातून सुटतो, असे नाही. थायलंडसारख्या बौद्ध देशात २०१५-१६ च्या सुमारास ‘लूक थेप’ नावाच्या बाहुल्यांचे वेड पसरले होते. बाहुलीत बालदेवदूत वास करतो आणि तो भाग्य उजळतो, या समजुतीने लोक तिला सोबत घेऊन हॉटेलात जेवायला बसायचे. एका विमान कंपनीने तर या बाहुल्यांसाठी तिकीट काढून आसन देण्याची तयारी दाखवली होती. जपानमध्ये याउलट एक सुंदर प्रथा आहे. तिथे काही बौद्ध विहारांत ‘निंग्यो कुयो’ हा विधी होतो. जुन्या बाहुल्यांत काहीतरी वसते, ही समजूत त्यामागेही आहेच. पण लोक जुन्या झालेल्या बाहुल्या विहारात आणतात, त्यांनी लेकरांना दिलेल्या आनंदाबद्दल आभार मानतात आणि त्यांना निरोप देतात. वस्तूविषयी मनात जे काही साचले आहे, ते भीतीकडे न नेता कृतज्ञतेकडे नेता येते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत १२ कृत्ये दिली आहेत. नुसती बाहुली टांगणे हा गुन्हा नाही, हे आधी स्पष्ट असावे. पण अमुक व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिचे जगणे मुश्कील करणे, जारणमारण किंवा चेटूक केल्याच्या नावाखाली मारहाण करणे, भुताची भीती घालून रुग्णाला दवाखान्यात जाण्यापासून रोखणे, ही कृत्ये गुन्हा आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड ५ हजारांपासून ५० हजार रुपयांपर्यंत आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी यासाठी दक्षता अधिकारी म्हणून नेमलेला असतो. त्याचे नाव आपल्या शाखेच्या फलकावर लिहून ठेवायला हरकत नाही.

बाहुली सापडली तर

वस्तीतून फोन आला, ‘दारात बाहुली ठेवली आहे’, तर काय करावे? गावोगाव काम करताना उपयोगी पडलेल्या काही गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, लगेच जावे आणि हसू नये. ज्या घरात भीती शिरली आहे तिथे आपले शांत बसणे हाच निम्मा उपाय असतो.

दुसरी, ‘कोणी केले?’ हा प्रश्न कोणालाही विचारू देऊ नये. त्याऐवजी ‘घरात काय अडचण आहे?’ हे विचारावे. बहुतेक वेळा उत्तर निघतेच. सुनेचा गर्भ पडलेला असतो, मुलाला फिट येतात, बांधाचा वाद कोर्टात असतो, उसाच्या उचलीचे पैसे फिटलेले नसतात. बाहुली त्या दुखण्यावर येऊन बसलेली असते.

तिसरी, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, आधी फोटो काढून, ती बाहुली हातात घ्यावी. कोणावर आळ आलेला असेल किंवा धमकी असेल, तर तिला हात लावण्याआधी पोलिसांना कळवावे, कारण तो पुरावा असतो. तसे काही नसेल तर ती उसवून दाखवावी. हे कापड, हा कापूस, ही टाचणी, हा दोरा. लहान मुलांना जवळ बोलवावे. त्यांनी हात लावला की मोठ्यांच्या खांद्यावरचा ताण उतरताना दिसतो.

चौथी, आजाराला दवाखाना दाखवावा. फिट येणे, एकटे बडबडणे, बाळंतिणीचे रडणे थांबत नसणे, या सगळ्यावर उपचार आहेत. मानसिक त्रासासाठी सरकारचा ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

पाचवी आणि सगळ्यात महत्त्वाची, ज्या बाईवर संशय घेतला गेला तिच्या घरी त्याच दिवशी जाऊन चहा प्यावा. चारचौघांना दिसेल असा. तासभराच्या भाषणापेक्षा त्या एका कप चहाने गावाचे वागणे लवकर बदलते.

आणि शेवटी आपल्या स्वतःच्या दाराचे. रिक्षाला, गाडीला, घराला टांगलेली काळी बाहुली आपण काढली पाहिजे. ती अपशकुन आहे म्हणून काढायची नाही, नाहीतर तीही अंधश्रद्धाच होईल. आपण टांगलेली बाहुली शेजाऱ्याला सांगत असते, की नजर असते, करणी असते, कोणीतरी वाईट चिंतणारे असते. मग त्या ‘कोणीतरी’चा शोध सुरू होतो आणि तो नेहमी वस्तीतल्या सर्वांत दुबळ्या दारापाशी जाऊन थांबतो. ते दार सुरक्षित ठेवायचे असेल, तर आधी आपल्या बंपरचा दोरा सोडावा. सुटलेली बाहुली धुऊन, तिला रंगीत झगा शिवून एखाद्या पोरीला भातुकली खेळायला द्यावी. बाहुलीचे मूळ काम तेच आहे.